भिंतीवरची चव्वेचाळिसावी जोडी

माझं नाव सुलभा व्हटकर. मिरजेत सरकारी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तिसरं दुकान माझं. आजोबांच्या काळापासून ते शोधायला कुणाला अडचण आली नाही. स्टेशनवर उतरायचं, रिक्षावाल्याला विचारायचं, तो म्हणायचा, "बधिर पायांच्या चपलावाले ना? बसा." एवढ्यावर आमच्या तीन पिढ्या निघाल्या. आणि २०४१ साली माझी सख्खी भाची सृष्टी माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पीत मला सांगते, "आत्या, तू अस्तित्वातच नाहीस."

"मग हा चहा कुणी केला?" मी विचारलं.

"चेष्टा नाही करत. पारखला तू माहीत नाहीस. म्हणजे जगाला माहीत नाहीस."

पारख म्हणजे हल्लीचं शोधयंत्र. आमच्या तरुणपणी फोनवर काही शोधलं की वीस-पंचवीस पानांची यादी यायची, त्यातलं बरं दिसेल ते आपण उघडायचो. पारखला तुम्ही बोलून विचारता आणि ती बोलून एक उत्तर देते. फार तर दोन नावं सांगते. तिसऱ्या क्रमांकावर जो असेल त्यानं घरी बसावं.

माझी वेबसाइट होती, बरं का. सृष्टीनंच दोन वर्षांपूर्वी करून दिली होती. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय. तिनं सगळं शिस्तीत केलं होतं. प्रत्येक पानाला एक स्पष्ट मथळा. फोटोखाली तो कशाचा आहे ते लिहिलेलं, कारण यंत्राला चित्रापेक्षा शब्द लवकर कळतात. पान फोनवर झटकन उघडेल असं हलकं. नकाशावर दुकानाची खूण. दवाखान्यातल्या दोन डॉक्टरांच्या पानांवरून आमच्या पानाकडे यायची वाट, म्हणजे भरवशाची माणसं आपल्याला ओळखतात हे यंत्राला समजावं. मी मजकूर सांगताना ऐटीत म्हटलं होतं, "लिही, न्यूरोपॅथिक फूटवेअर." ती म्हणाली, "असं कोण विचारतं? माणसं विचारतात, पायाला काही लागलेलं कळत नाही, कुठली चप्पल घालू? तसंच लिहू." आणि लिहिलं. ते मला पटलंही.

एवढं करून आम्ही कुठंच नव्हतो. कारण एवढं सगळ्यांनीच केलं होतं.

मी म्हटलं, नसेना का. माझे पाय मला शोधत येतात. हा माझा तोरा आणखी बारा दिवस टिकला.

तेराव्या दिवशी सिंधू माळी आल्या. कवठे महांकाळजवळच्या एका वाडीतल्या अंगणवाडीसेविका, साखरेचा आजार पंधरा वर्षांचा. त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीच्या बाजूला रुपयाएवढी जखम होती आणि बाई माझ्याशी हसून बोलत होत्या. तेच तर असतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू मरतात. खडा टोचतो, पट्टा घासतो, पण वर मेंदूपर्यंत काही पोचत नाही. ज्याला दुखतं तो चप्पल काढून बघतो. ज्याला दुखतच नाही तो चालत राहतो.

मी त्यांच्या पायातले सँडल बघितले. एका मोठ्या कंपनीचे, फोनवर पायाचा फोटो पाठवला की यंत्रात छापून घरपोच येणारे. दिसायला देखणे. पण फोटो काढताना पाय हवेत असतो, त्यावर अंगाचा भार नसतो. मी पहिल्यांदा माणसाला शाईच्या चटईवर चालवते. जिथं भार जास्त, तिथं कागदावर शाई काळी उमटते, आणि तिथलं मऊ रबर मी कोरून खोल करते. पट्टे चिकटवते, शिवते, पण खिळा मारत नाही. बधिर पायाच्या चपलेत कडक म्हणून काही चालत नाही, हा आमच्या घरातला पहिला धडा.

"इतक्या जवळ राहता आणि हे मागवलंत?" मी जरा रागानंच विचारलं.

"मी पारखला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तिनं हेच सांगितलं. तुम्ही आहात हे कुणी सांगितलंच नाही मला."

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे धाडलं. मग सृष्टीला फोन केला आणि म्हटलं, "ये आणि मला अस्तित्वात आण."

सृष्टी आली ती फळा घेऊन आल्यासारखी समजावायला लागली. मी रबर कापता कापता ऐकत होते.

गेल्या दहा वर्षांत लिहिणारी यंत्रं इतकी स्वस्त झाली की प्रत्येक दुकानाचं पान अगदी सारखं चकचकीत झालं. मथळे नीट, शब्द नीट, वाटा नीट, आणि सगळे सर्वोत्तम. शोधयंत्रानं निवडायचं कशावरून? तेव्हा पारखच्या शास्त्रज्ञांना एक साधी गोष्ट सापडली. स्वतःची स्तुती करायला काही लागत नाही, ती खोटारडाही करतो आणि खराही. पण स्वतःचं नुकसान होईल अशी खरी गोष्ट लिहायला काहीतरी गमवावं लागतं. म्हणून पारख पानावरची प्रत्येक ओळ वाचते आणि विचार करते, ही लिहून लिहिणाऱ्याचं काय गेलं? जेवढं जास्त गेलं असेल, तेवढा त्या पानाच्या बाकीच्या ओळींवर तिचा विश्वास वाढतो. शास्त्रात त्याला लांबलचक नाव आहे. लोक त्याला पदरमोड म्हणतात. अमक्याच्या पानाची पदरमोड किती, असं विचारतात.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "प्रत्येकानं एकेक चूक लिहून टाकायची."

"लिहिली की लोकांनी. कबुल्या लिहून देणाऱ्या कंपन्या निघाल्या पुण्यात. तीन कबुल्यांचं एक पॅकेज."

तिनं मला दाखवल्या. एका केटररनं लिहिलं होतं की एका मुंजीत त्याच्या आळूच्या भाजीत मीठ किंचित कमी पडलं आणि त्याला आठवडाभर झोप लागली नाही. एका दातांच्या डॉक्टरनं पेशंटला सात मिनिटं ताटकळत ठेवल्याबद्दल ओल्या डोळ्यांनी माफी मागितली होती. मी हसून हसून कात्री खाली ठेवली.

"पारखला कळलं ते सहा महिन्यांत," सृष्टी म्हणाली. "तेव्हापासून ती साक्ष काढते. ज्याचं नुकसान झालं त्याला स्वतः फोन करते. तो हो म्हणाला तरच पदरमोड धरते. नाही म्हणाला तर ते पान लबाड ठरतं, आणि आधी होतं त्याच्याही खाली जातं. आत्या, आपल्याला खरीखुरी चूक पाहिजे. आहे का एखादी?"

मी मागच्या भिंतीकडे बोट केलं.

ती भिंत आमच्या वडिलांची. एखादी जोडी फसली, कुणाला घासली, कुणाचा पट्टा सुटला, की वडील त्या गिऱ्हाइकाला फुकट दुसरी करून द्यायचे आणि फसलेली जोडी नाव लिहून भिंतीवर टांगायचे. काम करताना डोकं वर केलं की ती समोर दिसलीच पाहिजे. गिऱ्हाइकंही बघायची, कुणी विचारलं तर वडील एकेक जोडीची कथा सांगायचे. मी तीच रीत चालू ठेवली. त्रेचाळीस जोड्या आहेत भिंतीवर, त्यातल्या सव्वीस वडिलांच्या आणि सतरा माझ्या.

सृष्टी लहानपणापासून ती भिंत बघत आलेली, पण त्या दिवशी तिनं ती पहिल्यांदा बघितली असं म्हणायला हरकत नाही. ती उभी राहिली, फोन काढला, एकेक जोडीचा फोटो घ्यायला लागली. मी नाव, साल, काय बिघडलं ते सांगत गेले. शेवटच्या ओळीत ती थांबली.

"हा खिळा रिकामा का?"

मी कात्री पुन्हा उचलली.

"आत्या, बेचाळीस, त्रेचाळीस, मग एक रिकामा खिळा. जोडी पडली का कुठं?"

अकरा वर्षं मी त्या खिळ्याकडे बघून काम केलं होतं. दुसरं कुणी असतं तर काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण या पोरीनं माझ्यासमोर चूक मागितली होती, आणि ती चूक तिच्याच घरातली होती.

"बस," मी म्हटलं. "ती जोडी तुझ्या पप्पांची आहे."

माझा थोरला भाऊ विलास. एसटीत कंडक्टर होता. ऐटबाज माणूस. पायात कायम करकरणारी कोल्हापुरी. ती करकर आपोआप येत नाही. तळाच्या दोन थरांमध्ये एक छोटा कडक तुकडा बसवतात, पाऊल पडलं की तो आवाज करतो. त्याला आम्ही विंचू म्हणतो. दादाची करकर गाडीच्या मागच्या टोकापासून ऐकू यायला लागली की तिकीट न काढलेले लोक आपोआप खिशात हात घालायचे. त्याला साखर निघाली, पाय बधिर झाले, मी त्याला मऊ चपला करून दिल्या. त्यानं त्या वापरल्या, पण तोंड वाकडं करून. म्हणायचा, मांजरासारखा चालतोय मी.

मग २०३० साली सृष्टीच्या मोठ्या बहिणीचं, स्वप्नालीचं लग्न ठरलं. दादा माझ्याकडे आला. म्हणाला, "सुलू, पोरीच्या मांडवात तरी मला आवाजानं फिरू दे. मऊच कर, पण विंचू घाल."

मी नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाहीच म्हटलं असतं. पण भाऊ होता, हौस होती, आणि मला माझ्या हाताची घमेंड होती. मी विंचू टाचेकडे बसवला, वर जाड रबर घातलं, आणि म्हटलं, काही होत नाही. चार दिवसांत चालून चालून तो तुकडा सरकत पुढं अंगठ्याखाली आला. दादाला कळलं नाही. नऊ दिवसांनी वहिनीला चपलेवर रक्ताचा डाग दिसला. महिन्याभरात उजवा अंगठा काढावा लागला.

सृष्टी माझ्याकडे बघत होती. "पप्पांनी काच लागली म्हणून सांगितलं होतं."

"त्यानं सगळ्यांना तेच सांगितलं. मला म्हणाला, तू तोंड उघडायचं नाहीस. आणि चप्पल घेऊन गेला, भिंतीवर लावू दिली नाही."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले."

"मी पंधरा वर्षांची होते. त्यांची गाडीवरची ड्युटी गेली, डेपोत टेबलावर बसवलं त्यांना. महिनाभर बोलले नाहीत कुणाशी." तिचा आवाज चढला नव्हता, पण मला त्या आवाजाची भीती वाटली. "तू दर रविवारी डबा घेऊन यायचीस. मला वाटायचं, आत्या किती करते आमच्यासाठी."

ती फोन उचलून निघून गेली. मला रडू आलं आणि मी रडले. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. डोळे सुजलेले होते, पण बोलली ती कामाचंच. "लिहायचं का ते?"

"लिहायचं."

मी स्वतःच्या हातानं लिहिलं. तिनं एक शब्द बदलला नाही.

"२०३० च्या एप्रिलमध्ये मी बधिर पायाच्या एका माणसाला चप्पल करून दिली. करकर यावी म्हणून तिच्या तळात विंचू घातला. बधिर पायाच्या चपलेत कडक वस्तू घालायची नसते, हे मला माहीत होतं. त्यानं हौसेनं मागितला आणि मी दिला. नऊ दिवसांत जखम झाली, पुढं अंगठा काढावा लागला. तेव्हापासून कुणी काहीही मागितलं तरी मी तळात कडक वस्तू घालत नाही, आणि बधिर पायाचं माणूस आठव्या दिवशी पाय दाखवायला आलं नाही तर मी त्याच्या घरी जाते. सुलभा व्हटकर, मिरज."

मजकुरात दादाचं नाव नव्हतं. साक्षीसाठी त्याचा नंबर तेवढा पारखला गुपचूप द्यायचा होता, तो सृष्टीनं दिला. त्याला आधी विचारावं असं आम्हां दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मला वाटलं, चूक माझी आहे, मी कबूल करणार, यात त्याला विचारायचं काय? मी अशीच आहे. हात आधी चालतो.

तीन दिवसांनी सृष्टीनं पारखला विचारलं, "बधिर पायासाठी चप्पल कोण करतं, मिरजेजवळ?" पारखनं त्या छापील सँडलवाल्यांचं नाव घेतलं. मग सृष्टीनं आमचं पान उघडलं. वर तांबड्या पट्टीत लिहिलं होतं: साक्ष जुळली नाही. दुसरी साक्ष एकदाच देता येईल.

मीठ कमी पडलेल्या केटररच्या पंक्तीला मी जाऊन बसले होते.

"काय सांगितलं असेल त्यांनी?" सृष्टीनं विचारलं. आम्हां दोघींनाही माहीत होतं.

दादाचं घर कुपवाड रस्त्याला आहे. आम्ही गेलो तेव्हा तो व्हरांड्यात पेपर वाचत होता. पायात माझ्याच मऊ चपला, उजव्या चपलेत अंगठ्याच्या जागी मी बसवलेला रबराचा ठोकळा. गेली अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी मी त्याला नवी जोडी करते आणि तो ती न बोलता घालतो.

"तुला एक फोन आला होता," मी म्हटलं.

"आला होता. एक बाई बोलत होती, फार सभ्य. म्हणाली, सुलभा व्हटकर यांनी केलेल्या चपलेमुळे तुमचा अंगठा गेला, हे खरं आहे का? मी म्हटलं, साफ खोटं. काच लागली होती. माझी बहीण असलं काम करत नाही." त्यानं पेपरची घडी घातली. "तुला बदनाम करायला कोण बसलंय ते शोध आधी."

"मीच बसलेय. मीच लिहिलं ते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग सृष्टीकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावरून त्याला कळलं की तिला सगळं माहीत झालंय.

"अंगठा माझा गेला," तो हळू म्हणाला, "आणि गोष्ट तुझी झाली?"

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"एक फोन करायचास, सुलू. माझा पाय आहे तो. मी अकरा वर्षं झाकून ठेवलं ते काय तुझ्यासाठीच? स्वप्नालीच्या लग्नाची चप्पल होती ती. पोरीला कळलं असतं तर जन्मभर मनात ठेवलं असतं तिनं. आणि डॉक्टरांनी मला काय सांगितलं होतं? रोज संध्याकाळी आरसा घेऊन तळपाय बघायचा. नऊ दिवस मी बघितला नाही. आवाजात खूष होतो. मांडवात, पाहुण्यांत, उगाच इकडून तिकडे हिंडत होतो. ते लिहिलंस का तुझ्या पानावर?"

"नाही लिहिलं. ते तुझं आहे, मी कसं लिहू? चुकलं माझं, दादा. चपलेचंही आणि आता न विचारल्याचंही."

वहिनी आतून चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून दारातच उभी राहिली. तिला आधीपासूनच सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा समजलं.

सृष्टी वडिलांच्या पायाशी खाली बसली. "पप्पा, मला तो आवाज आठवतो. ताईच्या लग्नात मी गच्चीवर होते, खाली तुमची करकर ऐकू येत होती. मला इतकं बरं वाटलं होतं, पप्पा परत पहिल्यासारखे झाले म्हणून. मला सांगायचं होतंत. मी काही मनात ठेवलं नसतं."

दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग मी त्याला सिंधूबाईंचं सांगितलं. काय टोचलं ते न कळणारा पाय, फोटोवरून छापलेले सँडल, रुपयाएवढी जखम. आणि त्या काय म्हणाल्या तेही.

"राहिलं का बोट?" त्यानं विचारलं.

"राहिलं. वेळेत आल्या. पुढच्या बाईचं मी काही सांगू शकत नाही."

"मला विचार करू दे," तो म्हणाला. "आणि चहा घ्या. वहिनीनं एवढा केलाय."

परत येताना सृष्टीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. नातेवाइकांनी केलेली स्तुती पारख सरळ कचऱ्यात टाकते. मात्र नातेवाइकानं विरुद्ध साक्ष दिली, तर ती सगळ्यांत जड धरते, कारण ती देताना दोन्ही बाजूंचं जातं. "म्हणजे पप्पांनी हो म्हटलं ना, तर तुझ्यावर कुणाचाही विश्वास बसेल," ती म्हणाली. मी म्हटलं, त्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. त्यानं हिशेबानं दिलेली साक्ष मला नको होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला दादा दुकानात आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. ते माझ्यापुढं टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसला. मी सुतळी सोडली. कातडं कडक झालं होतं, पण शिवण माझीच, शाबूत. उजव्या चपलेच्या तळात अंगठ्याजवळ एक बारीक उंचवटा होता. मी बोटानं दाबला. कर्र, असा आवाज आला, आणि आम्ही दोघंही दचकलो.

"स्वप्नालीला काल फोन केला," दादा म्हणाला. "सगळं सांगितलं. तास-दीड तास रडली. मग म्हणाली, पप्पा, तुम्ही आजही पाय बघता ना रोज? म्हटलं, बघतो." तो सृष्टीकडे वळला. "लाव तुझ्या त्या बाईला फोन."

सृष्टीनं फोन टेबलावर ठेवला. पारखचा आवाज खरंच सभ्य होता.

"आपण पहिली साक्ष बदलू इच्छिता. कारण सांगाल का?"

"पहिली खोटी होती."

"खोटी का दिलीत?"

"बहीण आहे ती माझी."

मग पारख म्हणाली, "काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगा."

दादा सरळ बसला, गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवायचा असायचा तसा. "माझ्या बहिणीनं माझ्या चपलेत विंचू घातला. घालायला नको होता, तिला माहीत होतं. मी हट्ट केला. रोज पाय बघायचा असतो, मला माहीत होतं. नऊ दिवस बघितला नाही. माझा अंगठा गेला. दोघांनी मिळून घालवला. आणि अकरा वर्षं मी तिला बोलू दिलं नाही, हे तिसरं. लिहून घ्या."

"नोंद झाली. शेवटचा प्रश्न. या घटनेनंतर आपण सुलभा व्हटकर यांनी केलेली चप्पल पुन्हा वापराल का?"

दादानं आपल्या पायांकडे बघितलं. "आत्ता काय घातलंय असं वाटतं तुम्हाला?" तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची मी पायात घालत नाही."

पारखनं आभार मानले आणि फोन बंद झाला. मी ती जोडी उचलली, चिठ्ठीवर लिहिलं, विलास व्हटकर, २०३०, विंचू. दादानं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि खाली आपल्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: पाय बघितला नाही. मग त्यानंच ती जोडी चव्वेचाळिसाव्या खिळ्याला अडकवली. मला हुंदका आला. तो म्हणाला, "बास आता. कामाला लाग."

तांबडी पट्टी संध्याकाळपर्यंत गेली. पुढं आठवडाभर काहीच झालं नाही, आणि मी सृष्टीला दोन वेळा टोचून विचारलंही की तुझी पारख जागी आहे ना. दादा मात्र रोज यायला लागला. म्हणे घरी वेळ जात नाही. स्टुलावर बसून आलेल्या माणसांना आरशात तळपाय कसा बघायचा ते दाखवायचा. शिकवायला बरा आहे, फक्त बोलतो फार.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी बारा वाजता दारात एक जोडपं उभं राहिलं. सांगोल्याकडचे दत्तू लवटे, साठीचे, पायात ते छापील सँडल. बाईंच्या हातात फोन होता. दत्तूराव आत यायला तयार नव्हते. दारातूनच त्यांनी भिंत बघितली, मला बघितलं.

"हिनं पारखला विचारलं," ते म्हणाले. "तर ती म्हणाली, मिरजेत एक बाई आहे, अकरा वर्षांपूर्वी तिच्या चुकीनं एका माणसाचा अंगठा गेला. तिच्याकडे जा. मला काही समजंना. म्हटलं, हिचं ऐकण्यात काहीतरी गडबड झाली असणार. त्या तुम्हीच का?"

"मीच," मी म्हटलं.

"आणि तो अंगठा माझा," दादा स्टुलावरून म्हणाला, आणि पाय पुढं करून दाखवला.

दत्तूरावांनी त्याचा पाय निरखून बघितला. चप्पल बघितली. ठोकळा बघितला. मग बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन दोन्ही सँडल दाराबाहेर काढले आणि आत आले.

"चला तर मग," ते म्हणाले. "कुठं चालायचं ते सांगा."

मी शाईची चटई अंथरली.